डोळ्यांखालची तिसरी पाळी

पिंपरी कॅम्पातल्या कॉस्मेटिक्सच्या दुकानात कन्सीलर मागणारं गिऱ्हाईक हमखास एकच प्रश्न विचारतं, "पूर्ण झाकेल ना?" आणि दुकानदारही तितक्याच हमखासपणे सांगतो, "ताई, एकदम गायब!" या विषयातली सगळी गफलत या दोन वाक्यांत आली. डोळ्यांखालचं काळं वर्तुळ पूर्ण झाकायचं नसतं. झाकणं म्हणजे खोटेपणा, निसर्गाशी प्रतारणा वगैरे मला म्हणायचं नाही. असं म्हणणाऱ्यांची झोप बहुधा पूर्ण झालेली असते. माझं म्हणणं निव्वळ तांत्रिक आहे. वर्तुळ सगळंच्या सगळं बुजवायला गेलं की ते जास्त उठून दिसतं, आणि निम्मं बुजवून बाकीचं सोडून दिलं की कुणाचं लक्षही जात नाही. निगडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात पत्र्यावर रंग कसा चढवावा, किती चढवावा आणि कुठे थांबावं हे जाणून त्यावर पोट भरणारी हजारो माणसं राहतात. त्याच पट्ट्यात चेहऱ्याच्या बाबतीत मात्र हे ज्ञान गेटवर पंचिंग करून बाहेर पडतं, याचं नवल वाटतं.

तसं पाहिलं तर बाजारातला कन्सीलर आणि पिंपरीची कारखानदारी जवळजवळ समवयस्क. १९५४ साली पिंपरीच्या माळावर पेनिसिलिन बनवण्यासाठी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत मॅक्स फॅक्टरने 'इरेस' नावाची डाग झाकायची कांडी बाजारात आणली. एका ठिकाणी जंतू मारायचं ठरलं, दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या खुणा. आपल्याकडची गंमत तर याहून जवळची आहे. टाटांनी १९५२ साली लॅक्मे काढली आणि पुढे साठच्या दशकात पिंपरीत टेल्को उभी केली. म्हणजे बरीच वर्षं एकाच घराण्याच्या एका हातात ट्रकचं चासिस होतं आणि दुसऱ्या हातात लिपस्टिक. १९९८ साली लॅक्मे हिंदुस्तान लिव्हरकडे गेली, ट्रक घरात राहिले. पण वाटणी घराण्यात झाली, रसायनात झाली नाही. कन्सीलरला अपारदर्शक करणारं टायटॅनियम डायऑक्साइड हेच गाडीच्या पांढऱ्या रंगातही असतं, आणि त्याला कातडीचा पिवळट-तांबूस रंग देणारी आयर्न ऑक्साइडं म्हणजे गंजाची सख्खी भावंडं. बॉडी शॉपमध्ये पत्र्यावर गंजाचा ठिपका सापडला तर सुपरवायझरच्या तोंडचं पाणी पळतं. तोच गंज शुद्ध करून, वाटून, इवल्याशा नळीत भरून 'हनी बेज' नावाने आला की त्याच सुपरवायझरची बायको पाचशे रुपये मोजते. दोघांपैकी कुणीही चुकत नाही. पण वस्तू एकाच कुळातल्या असल्यामुळे नियमही एकाच कुळातले असणार, एवढं तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

रंगकामाचा पहिला नियम असा की आधी डाग कशाचा आहे ते पाहा. खालच्या पापणीची कातडी सगळ्या अंगातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. खाली चरबीचं अस्तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे तिथे तीन निराळ्या गोष्टी काळ्या दिसू शकतात. कातडीतच रंगद्रव्य जास्त असेल तर तपकिरी दिसतं. खालच्या रक्तवाहिन्या आरपार दिसत असतील तर निळसर-जांभळट दिसतं. आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे उतरणारा खळगा खोल असेल तर तिथे रंग नसतोच, नुसती सावली असते. बहुतेकांच्या वाट्याला तिन्हीची भेसळ येते. इथे या सगळ्याचा आळ सरसकट कंपनीवर घालायची पद्धत आहे: "तिसऱ्या पाळीने चेहरा खाल्ला." आळ अगदीच खोटा नाही. पण इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीमध्ये २०१४ साली २०० रुग्णांची जी पाहणी छापून आली, तिच्यात निम्म्याहून अधिक जणांचं काळेपण उपजत ठेवणीचं निघालं आणि साठ टक्क्यांहून अधिक जणांच्या घराण्यात ते आधीपासून होतं. अपुऱ्या झोपेची तक्रार सुमारे चाळीस टक्क्यांची. तेव्हा एचआरच्या नावाने बोटं मोडण्याआधी आत्याच्या लग्नाचा अल्बम काढून पाहावा. आत्या कधी कंपनीत गेली नव्हती, तरी अंतरपाटाआडून डोळे तसेच दिसत असतील तर खटला तिथेच निकालात निघतो.

सावली ओळखायची तर आरशासमोर उभं राहून हनुवटी वर करायची आणि दिव्याकडे पाहायचं. काळेपणा विरला तर तो खळग्याचा. या पट्ट्यात ही चाचणी फार महत्त्वाची, कारण शॉप फ्लोअरवरचे दिवे छताला, चांगले दोन-तीन मजले उंचावर टांगलेले असतात. त्या उजेडात मिस इंडियालाही खळगे दिसतील. आणि सावलीला रंग लागत नाही. दिवा सरकला की सावली सरकते, कन्सीलर मात्र लावलं तिथेच बसून राहतं. मग एका गालावर काळी सावली आणि तिच्या शेजारी तिला झाकायला आलेला पांढुरका पट्टा, असं दुहेरी दर्शन घडतं. डोळ्यांखाली फुगवटा असेल तर आणखी पंचाईत, कारण उजळ रंगाने फुगलेला भाग पुढे येतो. मीटर रीडिंग न घेता बिल पाठवल्यासारखा हा उद्योग दुकानात रोज चालतो. वर्तुळ कुठल्या जातीचं आहे हे कुणी विचारत नाही. "दोन शेड उजळ घ्या" हा एकच काढा सगळ्यांना.

दोन शेड उजळ का घेऊ नये, याचं उत्तर एका फ्रेंच माणसाने पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. पॅरिसच्या गोब्लँ या सरकारी कारखान्यात चित्रांचे भारी पडदे विणले जात. तिथे मिशेल शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचा प्रमुख होता. तक्रार आली की तुमचा काळा रंग कमअस्सल आहे, फिका पडतो. आपल्याकडे असती तर अशी तक्रार आधी सप्लायरवर ढकलली गेली असती, मग ऑपरेटरवर, मग हवामानावर. शेव्रलने धागा तपासला, धागा उत्तम होता. दोष शेजाऱ्यांचा होता. काळ्याशेजारी कुठला रंग विणलाय यावर काळ्याचं काळेपण ठरतं, असं त्याने सिद्ध केलं आणि १८३९ साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. कस्टमर कम्प्लेंटचं इतकं देखणं रूट कॉज ॲनालिसिस भोसरीतही क्वचितच सापडेल. आता हाच नियम चेहऱ्याला लावा. आपल्याकडे १९७५ पासून फेअर अँड लव्हली आहे (२०२० साली तिचं ग्लो अँड लव्हली झालं, बारसं नवं, बाळ तेच), आणि तेव्हापासून गाल उजळवण्याची मोहीम अखंड चालू आहे. गाल जितका उजळ, तितकं शेजारचं वर्तुळ काळं. म्हणजे वर्षभर एका ट्यूबने वर्तुळ गडद दाखवायचं आणि दिवाळीला दुसऱ्या ट्यूबने ते झाकायचं, असा हा स्वावलंबी धंदा आहे. काजळाची गोष्ट जरा निराळी. शेव्रलच्या हिशेबाने पापणीवरच्या काळ्याकुट्ट रेघेमुळे खालचं वर्तुळ उलट उजळच दिसायला हवं, आणि दिसतंही, साधारण सकाळी नऊपर्यंत. मग घाम येतो, काजळ अर्धा इंच खाली उतरतं आणि वर्तुळाला जाऊन मिळतं. एका डबीतून काळं विकत आणायचं आणि दुसऱ्या डबीतून तेच पुसायचं, यात अर्थशास्त्र बसत असेल, पण तर्कशास्त्र नाही.

शेड निवडण्याचा प्रकार तर कुठल्याही परचेस मॅनेजरला झोप उडवणारा आहे. कारखान्यात रंगाला नंबर असतो. जर्मनीत १९२७ साली 'राल' नावाची रंगसंहिता सुरू झाली ती चाळीस रंगांनी; नंबर सांगितला की चाकणमध्ये काय आणि श्टुटगार्टमध्ये काय, तोच रंग येतो. माणसाच्या कातडीसाठी एका दमात चाळीस छटा बाजारात आणल्या म्हणून फेंटी ब्यूटीचा जगभर गाजावाजा झाला तो २०१७ साली. यंत्राला जे १९२७ मध्ये मिळालं ते माणसाच्या गालाला मिळायला नव्वद वर्षं लागली, यावरून औद्योगिक संस्कृतीत कुणाचा नंबर आधी लागतो ते कळावं. आणि अजूनही आपल्या दुकानात नंबर नाहीतच. तिथे आयव्हरी, सँड, हनी, आल्मंड अशी नावं असतात. एका कंपनीचा मध दुसऱ्या कंपनीच्या बदामाहून काळा निघतो. आणि हे सगळं दुकानदार पांढऱ्याफेक एलईडीखाली तुमच्या हाताच्या मागच्या बाजूला फासून दाखवतो. हाताला वर्तुळं येत नाहीत, हे त्याला कुणी सांगत नाही.

रंगकामातल्या माणसाला दिव्यांची भीती असते, कारण त्याने चटके खाल्लेले असतात. गाडीचा दरवाजा एका कारखान्यात रंगतो, प्लास्टिकचा बंपर बहुधा दुसऱ्याच सप्लायरकडे. दोघं आपापल्या छताखाली अगदी एकरूप दिसतात आणि भर उन्हात शेजारी आले की सवतींसारखे वागतात. एका उजेडात जुळणारे रंग दुसऱ्या उजेडात फाटतात, याला मेटामेरिझम म्हणतात आणि तो टाळायला लाइट बूथमध्ये वेगवेगळ्या दिव्यांखाली पॅनेल तपासतात. कन्सीलरसाठी बूथ नको. पण नळी घेऊन दुकानाच्या दारात, दिवसाउजेडी, थेट डोळ्यांखाली एक ठिपका लावून पाहायला काय हरकत आहे? त्यातही आपल्याला खरोखर कुठल्या उजेडात पाहिलं जातं ते आधी ठरवावं. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात पहाटे कंपनीच्या बसमध्ये चढणारीला आधी बसमधला फिकट दिवा आणि मग इंद्रायणीच्या पुलावरची कोवळी उन्हं एवढेच परीक्षक. ती दुकानातल्या एलईडीसाठी शेड का निवडते, कळत नाही. निळसर वर्तुळ असेल तर आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरची पुसट झाक द्यायची, कारण निळ्याला नारिंगी खातं. कातडी जितकी सावळी असेल तितका करेक्टर गडद नारिंगी. त्यावर कातडीच्याच रंगाचं कन्सीलर. उजळ नाही, त्याच रंगाचं. निवडीचं शास्त्र इथे संपलं. बाकीचं जाहिरात खातं सांभाळतं.

लावण्याचं शास्त्र मात्र जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. गाडीची बॉडी रंगायला येते तेव्हा आधी धुतली जाते, तेलकटपणा काढला जातो, फॉस्फेटचा थर बसतो, मग ती इडीच्या, म्हणजे विजेने रंग चिकटवणाऱ्या टाकीत बुडते. त्यावर प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट. एवढा सोपस्कार होऊन सगळ्या थरांची जाडी मिळून भरते शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे दीड-दोन केसांएवढी. तेवढ्या जाडीत गाडी दहा-दहा वर्षं ऊन, पाऊस आणि मोशीच्या कचरा डेपोवरून येणारा वारा सोसते. जास्त रंग म्हणजे जास्त संरक्षण, असं तिथे कुणीही म्हणत नाही. जास्त रंग ओघळतो, त्याला 'रन' म्हणतात. नीट पसरला नाही तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो, त्याला 'ऑरेंज पील' म्हणतात. आणि दोन्हींची गाडी रीवर्कला जाते. मोबाइलवर शिकलेली मुलगी मात्र डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकपुडीपर्यंत आणि तिथून कानशिलापर्यंत उलटा त्रिकोण काढते आणि तो भरून टाकते. तेवढ्या मालात स्कूटरचं मडगार्ड रंगून झालं असतं.

बरं, पत्रा निदान स्थिर असतो. बंपर पापणी लववत नाही. माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा लववतो. आठ तासांच्या पाळीत हे सात हजारांवर जातं. सात हजार वेळा घडी पडणाऱ्या जागेवर जाड थर दिला तर तो दुपारच्या जेवणापर्यंत प्रत्येक सुरकुतीत जाऊन बसणार आणि जिथे काल एक वर्तुळ होतं तिथे आज सात रेघा दिसणार. म्हणून आधी तोंड धुवायचं, मॉइश्चरायझरचा मुगाएवढा थेंब जिरवायचा आणि मिनिटभर थांबायचं. पेंट शॉपमध्ये दोन थरांमध्ये असंच थांबतात, द्रावण उडून जायला. त्याला फ्लॅश-ऑफ म्हणतात आणि त्याची घाई केली की फोड येतात. मग कन्सीलरचे दोन-तीन ठिपके, तेही जिथे सर्वांत काळं आहे तिथेच. म्हणजे बहुधा आतल्या कोपऱ्याशी. पापण्यांच्या केसांपर्यंत जायचं नाही. अनामिकेने थोपटायचं, कारण त्या बोटाला जोर कमी असतो. चोळायचं नाही, चोळल्याने आहे तेही निघतं आणि डोळे सतत चोळणं हे स्वतःच काळेपणाचं एक कारण आहे. वरून पावडर नावापुरती. आणि मग ब्रश खाली ठेवायचा. हे शेवटचं वाक्य सर्वांत अवघड. निम्मं वर्तुळ अजून दिसत असताना हात आवरणं ही विद्या पत्रा रंगणाऱ्याला दोन-चार वर्षं कान उपटून घेतल्यावर येते.

गंमत अशी की ज्याला ही विद्या येते त्याच्याकडे कन्सीलर घेऊन जायची सोय नाही. गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये कॉस्मेटिक्सला मज्जाव असतो. बऱ्याच क्रीममध्ये, प्रायमरमध्ये आणि कन्सीलरमध्ये कातडी मऊ भासावी म्हणून सिलिकोन घातलेलं असतं आणि ओल्या रंगाचं सिलिकोनशी पिढीजात वैर आहे. त्याचा कण पडला की रंग तेवढ्या जागेपासून मागे सरतो आणि गोल खळगा पडतो. रंगारी त्याला 'फिश आय' म्हणतात. एखाद्या ताईच्या डोळ्यांखालून उडालेला कण चकचकीत बॉनेटला डोळा फोडू शकतो! औषध कंपन्यांच्या निर्जंतुक खोल्यांतही अशीच बंदी. तिथे जायचं तर चेहरा कोरा. त्यामुळे या पट्ट्यात एक न लिहिलेली वर्णव्यवस्था तयार झालीय. प्रत्यक्ष माल बनवणाऱ्यांची वर्तुळं उघडी, आणि त्या मालाचं प्रेझेंटेशन बनवणाऱ्यांची झाकलेली. वर्तुळं दोघांकडे सारखीच.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत आवडता आक्षेप: "कन्सीलर कशाला? आठ तास झोपा की!" हा सल्ला देणारा बहुधा जनरल शिफ्टचा असतो. आठवड्याला बदलणाऱ्या पाळीत झोप घ्यायची म्हणजे सकाळी आठला पडदे ओढायचे, आणि मग मिक्सर, भंगारवाल्याचा भोंगा आणि वरच्या मजल्यावरचं फरशीकाम यांच्या सवडीने डोळा लागायचा. पिंपरी-भोसरीतल्या अनेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, शाळेची रविवारी. म्हणजे नवरा झोपायला मोकळा असतो तेव्हा पोरांना डबा हवा, आणि पोरं झोपतात तेव्हा नवऱ्याला. तशी चाकणला जागरणं नवी नाहीत. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्ग शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला. इथली पहिली नोंदलेली रात्रपाळी तीच म्हणावी लागेल. त्यांच्या डोळ्यांखाली काय होतं याची चौकशी इतिहासकारांनी केलेली नाही. बायकांचं म्हणाल तर १९४८ च्या कारखाना कायद्याने त्यांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कामाला बंदी होती. महाराष्ट्राने २०१५ साली कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर ती उठवली. म्हणजे सदुसष्ट वर्षं रात्रपाळीची वर्तुळं हा कायद्याने पुरुषांचा राखीव प्रांत होता; बायकांना आपली वर्तुळं पहाटे चारला उठून, पहिल्या पाळीचे डबे भरून, घरगुती स्वरूपातच कमवावी लागत. आज टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर-सफारीच्या जुळणीची अख्खी लाइन बायका चालवतात. डबे कोण भरतं, ते कंपनीच्या वार्षिक अहवालाचं काम नव्हे.

दुसरा आक्षेप क्वालिटीवाल्यांचा, आणि तो जास्त वजनदार. ते म्हणतात, झाकणं म्हणजे कन्टेनमेंट, नुसता तात्पुरता बंदोबस्त; मूळ कारण शोधा, टोयोटाच्या ताइची ओनोंनी सांगितलं तसं पाच वेळा 'का' विचारा. विचारू. वर्तुळ का आलं? झोप झाली नाही. का? पहाटे साडेपाचची बस होती. सातच्या पाळीला साडेपाचची बस का? चाकणच्या तळेगाव चौकातून बस कधी सुटेल याचा नेम नाही. चौक का तुंबतो? कंटेनर आणि ट्रेलर आडवे येतात. ट्रेलर का येतात? नव्या गाड्या देशभर पोचवायच्या असतात. त्याच गाड्या, ज्या परवाच्या पाळीत याच बसमधल्या लोकांनी जोडल्या. पाचव्या 'का'ला असं आपलंच प्रॉडक्ट समोरून इंडिकेटर न देता येतं. आता करेक्टिव्ह ॲक्शन काय लिहायची? कमी गाड्या बनवा? तक्रार निवारणाच्या आठ पायऱ्यांच्या एट-डी रिपोर्टमध्ये तात्पुरती कन्टेनमेंट तिसऱ्या पायरीवर असते आणि कायमचा उपाय पाचव्या-सहाव्या. मधल्या काळात गिऱ्हाइकाची लाइन थांबू नये म्हणून तिसरी पायरी असते. रस्ता व्हायचा तेव्हा रुंद होईल. तोवर तिसऱ्या पायरीला हसण्याचं कारण नाही. फक्त तिला सहावी समजू नये.

"कन्सीलरऐवजी डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवा" हा आक्षेप चटकन उरकतो. थंड वस्तूने रक्तवाहिन्या घटकाभर आकसतात आणि सूज ओसरते, मग ती काकडी असो, बटाटा असो की फ्रिजमधला चमचा. चाकणच्या मार्केटात कांदा आणि बटाटा शेजारी शेजारी उतरतात. पैकी एकाने डोळ्यांचं काय होतं हे सर्वांना माहीत आहे, दुसऱ्याने काय होतं याबद्दल आशावाद जास्त आहे. घटकाभराच्या वर परिणाम हवा असेल तर बटाट्याची भाजी करावी.

उरला नैतिक आक्षेप: हा नट्टापट्टा कामाच्या ठिकाणी कशाला? याचं उत्तर ऑडिटच्या आदल्या रात्री कुठल्याही कंपनीत मिळतं. परदेशी कस्टमर येणार म्हटल्यावर रात्रपाळीची माणसं जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने ओढतात, मशीनखालचे तेलाचे डाग पुसतात, नादुरुस्त ट्रॉल्या शेडच्या मागे नेऊन ताडपत्रीने झाकतात. सकाळी पाहुणा फिरतो, "व्हेरी क्लीन" म्हणतो आणि त्याच्यासोबत उभी असलेली, रात्रभर न झोपलेली इंजिनिअर मान डोलावते. तिने जर चेहऱ्यावर तीन ठिपके लावले असतील तर एकूण झाकपाकीत तिचा वाटा सर्वांत किरकोळ धरावा. अनुभवी ऑडिटरलाही, बरं का, जमीन ठीकठाक असेल तर शंका येत नाही. ताज्या ऑइलपेंटचा वास आला की तो ताडपत्री शोधायला लागतो.

चेहऱ्याचंही तेच आहे आणि निम्म्यावर थांबण्याचं माझं खरं कारण हे. या पट्ट्यात सगळेच एकमेकांचे ऑडिटर. "जेवलात का" च्या आधी "कुठली शिफ्ट" विचारणारी ही वस्ती. इथे डोळ्यांखाली पाहून पाळी सांगता येते, आणि अनुभवी माणूस ओव्हरटाइमही सांगतो. अशा ठिकाणी वर्तुळ अजिबात नसलेला चेहरा घेऊन कामाच्या दिवशी कुणी आलं तर लोकांना कौतुक वाटत नाही, संशय येतो. "रजेवर होतीस का?" हा सौम्य संशय. "दुसरीकडे इंटरव्ह्यूला जाऊन आलीस ना?" हा तीव्र, आणि तो दुपारपर्यंत मॅनेजरच्या कानावर जातो. थोडं पुसलेलं, थोडं राहिलेलं वर्तुळ मात्र कुणी वाचत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की बाई कामावर आहे आणि बरी आहे.

पुरुषांनी यावर हसू नये. त्यांचं कन्सीलर त्यांच्या नकळत स्टुडिओवाला लावतो, बायोडेटाच्या फोटोत, कॉम्प्युटरवर, वीस रुपये जादा घेऊन. आणि त्याला कुणी फ्लॅश-ऑफ, मायक्रॉन वगैरे शिकवलेलं नसल्यामुळे तो एका क्लिकमध्ये सगळंच पुसतो. मग तो गुळगुळीत फोटो व्हॉट्सॲपवरून मुलीच्या मामांकडे जातो. मामा तीस वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत काढून निवृत्त झालेले. ते दोन बोटांनी फोटो मोठा करतात, डोळ्यांखाली जातात, तिथे काहीच सापडत नाही, आणि चष्मा काढून बहिणीला म्हणतात, "मुलगा कंपनीत पर्मनंट आहे म्हणतात ना? मग आधी सॅलरी स्लिप मागव."